फुगवलेल्या छातीचा दोरा

सरकारला बत्तीस इंच छाती हवी होती आणि माझ्यापाशी साडेतीस होती, तीही श्वास भरून. जंगल खात्यात पेठ तालुक्याच्या बाजूला काही जागा निघाल्या होत्या. मी मॅट्रिक झालो होतो, अर्ज इंग्रजीत लिहिला होता, अक्षर वळणदार होतं. अर्जात छातीबद्दल एक अक्षरही नव्हतं, त्यामुळे मला आशा होती. पण अर्ज मंजूर झाल्यावर सरकारी दवाखान्यात बोलावणं आलं आणि तिथे डॉक्टरांनी सदरा काढायला सांगितला. त्यानंतर माझ्या इंग्रजीचा कुणी विषय काढला नाही.

डॉक्टर टेप धरून म्हणाले, "भर श्वास." मी भरला. "आणखी." मी आणखी भरला. "अजून." मी डोळे मिटले, टाचा उचलल्या आणि घशापर्यंत हवा घेतली. "झालं? संपला?" त्यांनी विचारलं. मी नुसती मान हलवली, कारण बोललो असतो तर मिळवलेलं सगळं तोंडावाटे गेलं असतं. त्यांनी कागदावर साडेतीस लिहिलं आणि म्हणाले, "भाद्रपदात पुन्हा भरती आहे. तोवर काहीतरी खा."

तेव्हा फाल्गुन चालू होता. तीस सालानंतरची ती मंदीची वर्षं. नाशकात गल्लोगल्ली माझ्यासारखे मॅट्रिक झालेले बसून होते. कुणी टायपिंग शिकत होतं, कुणी नुसतंच शिकायचं म्हणत होतं. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून. त्यांचा स्वभाव असा की कुठल्याही गोष्टीचा आधी अहवाल मागवायचे. माझ्या छातीचा अहवाल ऐकून ते म्हणाले, "दीड इंच म्हणजे फार नव्हे. पण तुझ्या बाबतीत फार." होळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला तालमीत नेलं.

तालीम जुन्या नाशकात, गंगेकडे, म्हणजे आमच्या गोदावरीकडे, उतरणाऱ्या एका बोळात होती. दार इतकं ठेंगणं की आत शिरताना वाकावंच लागे. आत लाल मातीचा हौदा, तेला-ताकाचा आंबूस वास आणि भिंतीतल्या कोनाड्यात मारुती. वस्ताद जातीने मुसलमान आणि धंद्याने पटवेकरी. दिवसभर सराफ बाजारात एका पेढीच्या ओट्यावर बसून ते मंगळसूत्रं आणि मण्यांच्या पोती ओवून द्यायचे. रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्यात ताणून धरायचा आणि बारीक लांबसडक बोटांनी गाठी मारत जायचं, हे त्यांचं काम. त्याच बोटांनी त्यांनी एकेकाळी भल्याभल्यांना आस्मान दाखवलं होतं, असं सगळे सांगत. शनिवारी मारुतीला तेल घातलं की नाही हे तेच आम्हाला विचारायचे.

त्या तालमीची एक रीत होती. ती मी दुसऱ्या कुठल्याही तालमीत पाहिली नाही. नवा गडी आला की वस्ताद त्याच्या छातीभोवती लाल रेशमी दोरा घालायचे आणि जिथे दोन्ही टोकं भेटतील तिथे दोन्हीकडे एकेक गाठ मारायचे. मग धंद्यातला एखादा उरलेला मणी त्यात ओवायचे, म्हणजे कुणाचा दोरा कोणता ते कळावं. असे सगळे दोरे मारुतीपुढे पितळी डब्यात असत. दर अमावास्येला ज्याचा त्याचा दोरा काढून ज्याच्या त्याच्या छातीला लावायचा. दोन गाठी भेटेनाशा झाल्या, मधे एक बोट, दोन बोटं अंतर पडलं, की तेवढी तुमची कमाई. दुसऱ्याचा दोरा बघायची मनाई होती. "ज्याची कुस्ती त्याच्या दोऱ्याशी," वस्ताद म्हणायचे. "शेजाऱ्याच्या छातीकडे बघून आपली भरत नाही."

हे सगळं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. वडिलांनी ते नीट ऐकलं आणि मग आपल्या कचेरीतल्या आवाजात विचारलं, "पण ह्याचं होईल का? नाहीतर आत्ताच सांगा, दुसरं काहीतरी बघतो."

वस्तादांना ते लागलं असावं. ते म्हणाले, "आजवर माझ्या हातचा एक दोरा पुरा पडलेला नाही, साहेब. नागपंचमीला ह्याच्या गाठी भेटल्या, तर डब्यातले सगळे दोरे गंगेत सोडीन. पुन्हा कुणाच्या छातीला हात लावणार नाही."

हौद्यातले सगळे जोर काढायचे थांबले. वस्तादांचा शब्द म्हणजे शब्द, हे त्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या एका तांबटाकडे बघत होतो. तांबट आळीत दिवसभर घण मारून मारून त्याची छाती अशी झाली होती की तिच्या सावलीत मी उभा राहू शकलो असतो. त्याने मला वरून खाली बघितलं आणि दयेने म्हणाला, "हुईल, हुईल. माती खाईल तसा भरंल."

आणि वस्तादांनी दोरा माझ्या छातीला लावला.

आता झालं ते असं. आठच दिवसांपूर्वी डॉक्टरांची टेप ह्याच जागी लागली होती आणि भर, आणखी भर, अजून भर असं मला सांगितलं गेलं होतं. छातीला गार गार काहीतरी गोल लागताच माझा श्वास आपोआप आत गेला. टाचा उचलल्या गेल्या. डोळे मिटले गेले. वस्ताद मागे उभे होते, त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. त्यांनी गाठी मारल्या, हिरवा काचेचा एक मणी ओवला आणि दोरा काढून घेतला. मी श्वास सोडला.

इथपर्यंत फक्त सवय होती. पण तांबट म्हणाला, "दिसतोय त्यापरीस बरा हाय की रं," आणि त्या एका वाक्यासाठी मी गप्प बसलो. आयुष्यात माझ्या छातीची कुणी केलेली ती पहिली स्तुती होती. वस्ताद तेवढ्यात सांगत होते की माप नेहमी दम सोडून घ्यायचं असतं, फुगवून घेतलेलं माप म्हणजे माप नव्हे. मी ह्या म्हणण्याला मान डोलावली.

दीड महिना मी खरंच मेहनत केली. पहाटे गंगेवर जाऊन यायचं, मग जोर, बैठका, हौद्यातली माती उकरणं. पहिल्या आठवड्यात मला जिना उतरता येईना, म्हणून मी बसून बसून उतरत असे. आई म्हणायची, "शिकतोयस की मोडतोयस?" पण दंडाला हात लावला की काहीतरी टणक लागायचं. ते हाड होतं हे मला मागाहून कळलं.

चैत्राची अमावास्या आली; फाल्गुनातली नव्या गड्याला माफ असे. वस्तादांनी हिरव्या मण्याचा दोरा काढला आणि म्हणाले, "दम सोड." मी सोडला. गाठी भेटल्या नाहीत, त्या एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या. तीन बोटं पुढे गेल्या. वस्तादांनी दोरा काढला, मणी पाहिला, पुन्हा लावला. तीन बोटं. दीड महिन्यात मी तीन बोटं वाळलो होतो.

"पोटात जंत असतील," ते शेवटी म्हणाले.

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण हौद्यात बारा-पंधरा जण उभे, तांबट पुढे वाकून बघतोय, आणि मी कसं म्हणणार की मी पहिल्या दिवशी फुगलो होतो? मी म्हटलं, "असतील." त्या रविवारी मला एरंडेल पाजण्यात आलं. वस्तादांनी ते स्वतः आणलं, चहात घालून दिलं आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोर उभे राहिले. तो रविवार मी कुठे काढला ते सांगण्यात अर्थ नाही. एवढंच म्हणतो की त्यानंतर माझ्या पोटात जंतच काय, दुसरंही काही उरलं नाही.

पुढच्या अमावास्येला अडीच बोटं. वस्तादांना वाटलं मेहनत जास्त होते आहे. त्यांनी माझे जोर निम्मे केले आणि घरची शेळी माझ्या नावाने लावून दिली. म्हणजे तिचं सकाळचं दूध मला. त्यांच्या घरून एक लोटा यायचा, वर फडकं बांधलेला. तांबटाने ह्यावर नुसतं एवढंच विचारलं, "गड्या, तू जोर काढतोस का जोर तुला काढतोय?" त्यानंतर वस्तादांच्या बायकोने कुणाकडून तरी माझ्यासाठी तावीज आणला. इकडे माझ्या आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. दोन्ही धर्म माझ्या मागे लागले होते आणि खरं कारण एकट्या मला ठाऊक होतं.

एका दुपारी मी ठरवलं की हे मिटवून टाकायचं. वस्ताद सराफ बाजारात, तालीम रिकामी. मी डबा उघडला, हिरवा मणी शोधला आणि गाठ सोडायला बसलो. विचार असा की एक गाठ सोडून तीन बोटं आत मारायची, म्हणजे सगळं खरं होईल. पण ती पटवेकऱ्याची गाठ होती. नाशकातल्या बायका ती गाठ गळ्यात घालून जन्म काढतात आणि ती सैल होत नाही, हे मला तेव्हाच कळलं. सुई लावली, सुई वाकली. नख लावलं, नख तुटलं. शेवटी दातांनी धरून ओढली, तर रेशीम थोडं विस्कटलं आणि गाठ जास्तच घट्ट झाली. मी दोरा पुसून जागच्या जागी ठेवला. मारुती समोरच होता. त्याच्याकडे मी बघितलं नाही.

त्यानंतरच्या अमावास्येला वस्तादांनी दोरा उजेडात धरला. "उंदीर लागलेत वाटतं," ते म्हणाले आणि डबा वरच्या कोनाड्यात हलवला. दोन बोटं.

ज्येष्ठ गेला, आषाढ लागला. माझं अंग खरंच भरत होतं. बंडी दंडाला घट्ट होऊ लागली होती, वडिलांनीही एकदा जेवताना माझ्याकडे दोनदा बघितलं होतं. पण दोरा म्हणत होता, तू आलास तेव्हा होतास त्याहून कमी आहेस. एखाद्याला आयुष्यात प्रतिस्पर्धी मिळतो तो शेजारचा, भाऊबंद, वर्गातला. मला मिळाला तो मीच, आणि तोही मी नव्हे. श्वास कोंडून, टाचा उचलून, डोळे मिटून क्षणभर उभा राहिलेला एक लबाड. तो जेवत नव्हता, झोपत नव्हता, जोर काढत नव्हता, आणि तरी दर अमावास्येला मला चीत करत होता.

आषाढी अमावास्येच्या आधी मी सराफ बाजारात गेलो. ठरवून गेलो होतो की आज सांगायचंच. वस्ताद ओट्यावर बसले होते, अंगठ्यात दोरा, मांडीवर काळे मणी. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा दिली. मी बसलो. एक बाई मंगळसूत्र न्यायला उभी होती, ती जाईपर्यंत थांबलो. ती गेली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेच बोलले.

"आज दोन नवी पोरं आली होती. परत पाठवली."

"का?"

त्यांनी दोऱ्याला पीळ दिला. "हाताचं यश गेलं की काय, कळत नाही. तुझ्यावर एवढी मेहनत घेतली, तू वाळतोस. उगाच लोकांची पोरं कशाला वाळवू?" मग माझ्याकडे बघून हसले. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या भरतीचं बघू काहीतरी."

तीस-पस्तीस वर्षं ज्या हाताने माणसं घडवली, त्या हाताकडे तो माणूस संशयाने बघत होता, आणि त्याला कारण माझा एक श्वास. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. आता बोललं नाही तर कधीच बोलता येणार नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "पाऊस लांबला ह्या वर्षी."

"हो," ते म्हणाले. "इगतपुरीला मात्र चांगला झालाय म्हणे."

नागपंचमीला तालीम चुन्याने रंगवली होती, मारुतीला शेंदूर, हौद्यात माती रचून तिची पूजा. बाहेर पाऊस रिपरिपत होता. वडील कचेरीतून रजा काढून आले होते आणि कोपऱ्यात छत्री धरून उभे होते, छपराखाली असूनही. एकेकाचे दोरे निघाले. तांबटाच्या दोऱ्याला मधे इतकं अंतर पडलं की वस्तादांची अख्खी वीत त्यात बसली. सगळ्यांच्या गाठी लांब राहिल्या. शेवटी हिरवा मणी निघाला.

"दम सोड."

मी सोडला. गाठी एकमेकींना ओलांडून एक बोट पुढे गेल्या. पाच महिन्यांनंतर मी आलो होतो त्याहून एक बोट बारीक होतो.

वस्तादांनी दोरा डब्यात ठेवला, डब्याला झाकण लावलं, तो फडक्यात बांधला आणि काखेत धरून बाहेर पडले. कुणीतरी म्हणालं, "वस्ताद, राहू द्या." तांबट आडवा झाला. त्याला त्यांनी एका हाताने बाजूला केलं, जसं काही तो पडदा होता. मग आम्ही सगळे मागे निघालो, लंगोटावर, अंगाला लाल माती फासलेले, भर पावसात, बोळातून गंगेकडे. नागोबाला दूध वाहायला निघालेल्या बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मागून माझे वडील छत्री घेऊन.

गंगेला पाणी चढलं होतं, गढूळ, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. वस्ताद शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले, फडकं सोडलं, झाकण काढलं. त्यात त्यांच्या हातून घडलेल्या कितीतरी माणसांचे दोरे होते, काही तर मेलेल्या माणसांचेही. सगळ्यात वरचा हिरव्या मण्याचा होता. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला. तांबट रडायला लागला. तो रडताना इतका मोठा दिसत होता की मला वाटलं आता पायऱ्या हलतील.

मी पुढे झालो आणि ओरडायला गेलो, तर आवाजच निघेना. तालमीत दम सोडला होता तो भीतीने अजून नीट घेतलाच नव्हता. शेवटी एकदा हवा आत गेली आणि शब्द बाहेर आले.

"वस्ताद, माझा दोरा खोटा आहे!"

"दोरा खोटा नसतो," ते न वळता म्हणाले.

"मी खोटा आहे. मी श्वास भरला होता."

"आत्ता?"

"पहिल्या दिवशी. तुम्ही गाठ मारलीत तेव्हा."

आता ते वळले. पाऊस त्यांच्या दाढीवरून गळत होता. "किती भरला होतास?"

"होता तेवढा सगळा."

ते हळूहळू हिशेबाला लागले. "म्हणजे ते एरंडेल?"

"प्यायलो."

"तावीज?"

"बांधलाय." मी दंड दाखवला.

"उंदीर?"

मी मान खाली घातली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आणि मी दोन पोरं परत पाठवली," वस्ताद म्हणाले. हे त्यांनी अगदी सावकाश म्हटलं, रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी तिथे लंगोटावर, अंगावरून माती वाहत असताना, सगळ्यांसमोर रडलो. वडिलांनी छत्री माझ्यावर धरली. त्याने काही फरक पडण्यासारखा नव्हता, पण धरली.

वस्ताद उठले, हिरव्या मण्याचा दोरा घेऊन माझ्यामागे आले. "भर," ते म्हणाले. "त्या दिवशी भरला होतास तेवढा भर. टाचाबिचा उचलायच्या असतील तर उचल."

मी भरला. दोरा छातीला लागला आणि गाठींच्या मधे जागा राहिली. त्यांनी तिथे बोटं ठेवलेली मला पाठीवर जाणवली. एक. दोन. दोन बोटं अपुरा. मी मान वळवून पाहिलं. ते माझ्या पाठीकडे बघतच नव्हते, आपल्या हाताकडे बघत होते, उलटा करून, सुलटा करून.

"अरे बेटा," शेवटी ते म्हणाले, "कुस्तीला गडी आपल्या मापाचा घ्यावा. तू तर जगात नसलेला गडी समोर घेतलास. त्याला कसा पाडणार?"

त्यांनी हिरवा मणी काढून घेतला आणि माझा दोरा गंगेत टाकला. तेवढा एकच. मग खिशातून रेशीम काढून, त्याच पायरीवर, दम सोडायला लावून, पोटावर एक हात दाबून खात्री करून घेऊन माझा नवा दोरा केला. पोटावरचा तो हात मला शिक्षा म्हणून पुढे कायम राहिला. दर अमावास्येला बाकीच्यांना नुसतं "दम सोड" म्हणायचे, माझ्या पोटावर हात ठेवायचे.

खरी शिक्षा दुसरी होती. परत पाठवलेल्या दोन पोरांना मी घरी जाऊन बोलावून आणायचं, आणि का पाठवलं होतं ते सांगून आणायचं. पहिल्या घरी मी हे दारात उभं राहून पुटपुटलो, तर त्या पोराच्या आजोबांना ऐकू कमी येत असल्यामुळे सगळं पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. शेजारचेही बाहेर आले. दुसऱ्या घरी मी पोचण्याआधीच गोष्ट पोचली होती. तिथे मला चहा दिला आणि चहात काही घातलेलं नाही, असं मुद्दाम सांगितलं.

भाद्रपदात मी दवाखान्यात गेलो तो सगळा हिशेब पाठ करून. साडेतीसचा दोरा दोन बोटं अपुरा पडला होता. पाऊण इंचाचं एक बोट धरलं तर दीड इंच. साडेतीस आणि दीड बत्तीस. वडिलांनी कचेरीत हे कागदावर मांडूनही पाहिलं होतं. डॉक्टरांनी टेप लावली. "सोड." मी इतका चटकन आणि इतका पूर्ण सोडला की ते चमकून म्हणाले, "सोडायची घाई नाही. आता भर." मी भरला. टाचा जमिनीवर होत्या, हे मला आठवतं, कारण त्या तिथे ठेवायला मला फार जोर लावावा लागला.

"पावणेबत्तीस," डॉक्टर म्हणाले.

"बत्तीस असायला हवी," मी श्वास सोडून म्हणालो. "दोन बोटं वाढलो आहे मी."

"कुणाची बोटं?"

मग मला त्या पटवेकऱ्याची बोटं दिसली, सुईच्या भोकात दोरा घालणारी, लांबसडक, बारीक. पाव इंच तिथे गेलं होतं. हे डॉक्टरांना समजावून सांगायला मी सुरुवात केली, पण बाहेर माझ्यामागे रांग होती. जंगल खात्याने ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. पेठच्या रानाचं त्यात भलं झालं असावं.

मला वाईट वाटलं. तालमीत जाऊ नये असं वाटलं, पण पाय तिकडेच गेले. वस्तादांना सांगितलं. ते दोन्ही नव्या पोरांना बैठका घालायला लावत होते, त्यांच्याकडून नजर न काढता त्यांनी विचारलं, "दम सोडून मोजली की धरून?"

"दोन्ही."

"मग झालं," ते म्हणाले. "जा, माती उकर."

पुढे मी मास्तर झालो. इगतपुरीला शाळेत जागा मिळाली, तिथे छाती मोजत नसत. निघताना वस्तादांनी माझा दोरा मला दिला. डब्यातला दोरा कुणाला द्यायची रीत नव्हती. पण म्हणाले, "तिथे अमावास्येला कोण मोजणार तुझी? तूच मोज." आणि पोटावर हात ठेवायचीही आठवण केली. आज ते नाहीत. त्यांचा डबा त्यांच्या माघारी तांबटाकडे गेला, एवढं मला माहीत आहे.

दोरा माझ्या टेबलाच्या खणात आहे, मणी हिरवाच, रेशमाचा रंग उडालेला. निवृत्त झाल्यावर मी पुन्हा अमावास्या पाळायला लागलो. खोलीचं दार लावतो, सदरा काढतो, डावा हात पोटावर दाबतो आणि श्वास संपेपर्यंत सोडतो. बघायला कुणी नसतं, तरी अर्धाही ठेवत नाही. वय झालं, गाठी पुन्हा जवळ यायला लागल्या आहेत. गेल्या खेपेला जेमतेम अर्धं बोट उरलं होतं. मी ते तसंच लिहून ठेवलं.

पोटाभोवती मात्र तो दोरा मी अजून एकदाही लावलेला नाही.